मामांची पुराची चित्रं आणि माझे १,७९,४५० रुपये

६३ चित्रं आणि एक लाख एकोणऐंशी हजार चारशे पन्नास रुपये. एका ठगानं माझ्याकडून एवढं नेलं. आकडा आधीच सांगतो. नातेवाइकांना मी तो अजून नीट सांगितलेला नाही, आणि लपवून लपवून आता जीव उबगलाय.

माझे मामा पुण्यात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात बाइंडर होते. चाळीस वर्षं खळ, पुठ्ठा आणि शिलाई. लग्न केलं नाही. चित्रकला कुठे शिकले नाहीत, शाळेत असतात त्या एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षाही दिल्या नाहीत. कटिंग मशीनखाली उरलेलं आर्ट कार्ड, कॅलेंडरची कोरी बाजू, रद्द झालेल्या लग्नपत्रिका असं काहीबाही घरी आणायचे आणि रात्री निळ्या बॉलपेननं त्यावर पूर काढायचे. एकच पूर. १२ जुलै १९६१ चा, पानशेत धरण फुटलं त्या दिवसाचा. तेव्हा मामा अकरा वर्षांचे होते. प्रत्येक चित्रात वाडे, वाड्यांवर घरांचे नंबर, आणि पाणी म्हणून जे दिसतं ती जवळून पाहिली तर बारीक अक्षरं: हंडा, शिवणयंत्र, पाटी, टांगा, शेजारच्या आजींची पेटी. वाहून गेलेल्या वस्तूंची नावं लिहूनच लाट काढलेली. आणि भिंतींवर पाणी कुठवर चढलं त्याची लाल रेघ, चित्रागणिक त्याच उंचीवर. १९७९ पासून जवळजवळ मरेपर्यंत त्यांनी हे केलं. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा कॉटखालच्या दोन ट्रंका उघडल्या आणि आम्ही सगळे गप्प बसलो.

त्यांची खोली जुन्या वाड्यात होती. वाडा बिल्डरकडे गेलेला, खाली करायची तारीख ठरलेली. भिंतींना ओल, चित्रांना कसर लागायला सुरुवात झालेली. हे सांगतोय कारण लोक विचारतात, एवढी घाई काय होती? घाई होती. आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ट्रंका ठेवायला जागा नव्हती आणि वाट बघायला वेळ नव्हता.

२०२४ च्या गणेशोत्सवात सोसायटीच्या हॉलमध्ये मी बारा चित्रं मांडली. तिथं हा माणूस आला. पन्नाशीचा, खादीचा झब्बा, शांत बोलणं. बाकीचे मोदक खात होते, हा प्रत्येक चित्रासमोर दहा दहा मिनिटं उभा राहिला. लाटेतली अक्षरं त्यानं न सांगता ओळखली. मामांचं काम इतकं लक्ष देऊन पाहणारा तो पहिला परका माणूस होता. माझे डोळे भरून आले, हे मी मान्य करतो.

मग त्यानं सांगायला सुरुवात केली. झाँ द्युब्युफे या फ्रेंच चित्रकारानं १९४५ मध्ये अशा न शिकलेल्या लोकांच्या कलेला ‘आर ब्रूत’ म्हटलं. त्याच्या संग्रहाचं स्वित्झर्लंडमधल्या लोझानला १९७६ मध्ये संग्रहालय झालं. शिकागोत हेन्री डार्गर नावाचा इस्पितळातला सफाई कामगार होता, १९७३ मध्ये वारला, आणि खोलीत पंधरा हजारांहून जास्त पानांचं हस्तलिखित आणि शेकडो चित्रं निघाली. घरमालकानं ती ओळखली म्हणून वाचली. आपल्याकडे चंडीगडचे नेकचंद, रस्ते विभागातले नोकर, फुटक्या बांगड्या आणि कपबश्यांतून गुपचूप रॉक गार्डन उभं केलं, १९८४ मध्ये पद्मश्री. “तुमचे मामा याच रांगेतले आहेत,” तो म्हणाला. आपली संस्था चित्रं जतन करून परदेशात प्रदर्शनाला पाठवेल, असंही म्हणाला.

मी घरी येऊन एकेक गोष्ट शोधून पाहिली. सगळी खरी. अक्षरन् अक्षर खरं. मी मूर्ख नाही, तेहतीस वर्षं हिशेबनीस म्हणून काम केलंय, व्हाउचर नसेल तर साहेबालाही परत पाठवलंय. पण मी त्याचं ज्ञान तपासलं, त्याला तपासलं नाही. त्याच्या संस्थेची नोंदणी पाहिली नाही. पावतीवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकायला एक मिनिट लागतं. तो मी पाच महिन्यांनी टाकला, तेव्हा कापडाच्या एका दुकानाचा निघाला. विषयाची माहिती कोणीही वाचून आणतो. नाव, पत्ता, नोंदणी आणि आधी कोणाचं काम केलं ती घरं, एवढं विचारा आणि त्या घरी स्वतः जा.

पैसे असे गेले. नोंदणी आणि छायाचित्रणासाठी १८,५००. ‘शास्त्रोक्त जतन’ चित्रामागे १,४५०, म्हणजे ६३ चित्रांचे ९१,३५०. परदेशात प्रदर्शनाला पाठवायचा ‘केंद्र सरकारचा परवाना’ ४२,०००. वाहतुकीचा विमा २७,६००. चारही वेळा यूपीआयवर आणि चारही वेळा वेगवेगळ्या माणसांच्या खात्यात. परवान्याचं तर ऐकाच. पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधन घालणारा १९७२ चा कायदा आहे, हे खरं. पण चित्र पुरावस्तू ठरायला किमान शंभर वर्षं जुनं असावं लागतं. मामांचं सर्वांत जुनं चित्र १९७९ चं! एक फोन कुठल्याही जाणकाराला केला असता तर ४२,००० वाचले असते.

आता तो क्षण. ६ ऑक्टोबर, रविवार, सकाळी अकराची वेळ. तो चित्रं न्यायला आला. याच माणसानं आदल्या भेटीत मला तासभर समजावलं होतं की कागद आम्लरहित फोल्डरमध्ये सपाट ठेवायचा, सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही, उजेड कमीत कमी. सगळं बरोबर. आणि त्या सकाळी त्यानं मामांची आर्ट कार्डं एकावर एक ठेवली, गुंडाळली आणि वर रबरबँड चढवला. जाड कार्डाची घडी मोडल्याचा आवाज आला. मी तो ऐकला. अजून ऐकू येतो. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, असं गुंडाळतात का? ते तर सपाट ठेवा म्हणाले होते ना?” आणि मी तिला, परक्या माणसासमोर, “त्यांना कळतं, तू मध्ये बोलू नकोस” म्हणालो. त्यानं वळून बघितलंही नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भेंडोळी घातली, स्कूटरच्या पायाशी ठेवली आणि गेला.

चित्रांवर जीव असलेला माणूस रबरबँड लावत नाही. एवढंच बघायचं होतं. माझ्या समोर, माझ्या हॉलमध्ये, भर उजेडात घडलं, आणि मी माणसाच्या हातांकडे बघायचं सोडून त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

दुसरी चूक त्याहून महाग पडली. “फोटो काढू नका, फ्लॅशनं शाई उडते, आम्हीच स्कॅन करून देऊ,” असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उजेडानं बॉलपेनची शाई आणि स्केचपेन फिके पडतात, हे खरंच आहे. पण फ्लॅश बंद करून मोबाइलवर एकेक फोटो घेतल्यानं काहीही होत नाही. आधी फोटो काढा, मागची बाजूही काढा, शेजारी पट्टी ठेवून काढा, आणि मगच चित्र दाराबाहेर जाऊ द्या. माझ्याकडे ६३ पैकी नऊ चित्रांचे फोटो आहेत, तेही गणपतीच्या आरतीच्या फोटोंत मागे आलेले.

एक कागदही सही करून दिला. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी.’ चित्राची मालकी वेगळी आणि कॉपीराइट वेगळा, हे मला नंतर वकिलांनी सांगितलं. कॉपीराइट चित्रकार गेल्यावरही साठ वर्षं वारसांकडे राहतो. मामांचा तो हक्क मी एका सहीत लिहून दिला. वकिलांनी वाचल्याशिवाय असल्या कागदावर सही करू नका. त्यांची फी मी भरलेल्या रकमेच्या पासंगालाही पुरली नसती.

जानेवारीत त्यानं ‘जतनकक्षा’चा एक फोटो पाठवला. फेब्रुवारीत फोन बंद. फोटो परदेशातल्या एका संग्रहालयाचा निघाला.

यानंतर जे झालं त्यानं मला फसवणुकीपेक्षा जास्त जाळलं. पहिल्या पोलीस चौकीत सांगितलं, हद्द आमची नाही. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी कायद्याच्या कलम १७३ मध्ये आहे, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. दुसरीकडे म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, सही तुमची आहे. तिसरीकडे पाठवलं, ऑनलाइन पैसे गेलेत ना. तिथं म्हणाले, चित्रं हातानं दिलीत, मग हे आमचं कसं? बँकेनं सांगितलं, पिन तुम्हीच टाकला. पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा असतो, मी पाच महिने उशीर केला, तो दोष माझा. पण चित्रांचं काय? “किंमत सांगा,” साहेब म्हणाले. मी म्हणालो, ती कधी विकायला नव्हती. “मग मूल्य काय लिहू?” मूल्याचं पत्र मागायला एका कलासंस्थेत गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, “पदविका कुठली? आमच्या यादीत नाव नाही.” चाळीस वर्षं एकाच पुराकडे बघत राहिलेल्या माणसाची पदविका विचारली! परत ठाण्यात गेलो तेव्हा अर्जात लिहिलं होतं: जुने कागद, ६३ नग. खाली मूल्य, निरंक.

दिनकर केळकरांनी ज्या शहरात अडकित्ते, दिवे, दौती जमवल्या आणि तो सगळा ठेवा सरकारच्या हाती दिला, त्याच शहरात हे लिहिलं गेलं. मी तिथंच ओरडलो. मला पाणी दिलं आणि बाहेर बसवलं. शिक्क्याची पोचपावती मिळाली, गुन्हा आजतागायत नोंदलेला नाही. वरिष्ठांना लेखी तक्रार पोस्टानं पाठवली आहे. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणार आहे.

एक चित्र मावशीकडे राहिलं होतं म्हणून वाचलं. त्यावरून ओळख लिहून ठेवतो. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात, एखाद्या फ्रेमवाल्याकडे, कुठल्या कॅफेच्या भिंतीवर निळ्या बॉलपेननं काढलेला पूर दिसला तर जवळ जाऊन बघा. पाणी अक्षरांचं असेल. भिंतींवर लाल रेघ असेल. चित्र उलटं करा: खालच्या डाव्या कोपऱ्यात पुस्तकं शिवायच्या दोऱ्याचा एक टाका आहे, गाठ मागच्या बाजूला. मामा सही करत नसत, टाका घालत.

दिसलं तर ते तसंच सपाट ठेवा आणि विकणाऱ्याकडून लेखी पावती घ्या.