सौंदत्तीचा माळ की खानापूरचं रान: मुक्कामी फ्रीज कशावर चालवायचा?

गेल्या वर्षी सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला आमच्या मेव्हण्यानं घरचा फ्रीजच टेम्पोत चढवला होता. सोबत इन्व्हर्टर आणि त्याची टब्युलर बॅटरी. पहिल्या रात्री सगळ्यांनी थंड ताक प्यायलं, दुसऱ्या दिवशी सकाळी इन्व्हर्टर शिट्ट्या मारायला लागला आणि देवीची पडली (नैवेद्याची परडी) भरायची सोडून दोघं जण बॅटरी चार्ज करून देणारा शोधत फिरले. तेव्हापासून "काय घेऊया?" हा प्रश्न घरात दर महिन्याला निघतो. मी जेवढं वापरलंय आणि जेवढा हिशोब मांडलाय, तो इथे लिहितो.

आधी ठिकाण बघा. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूर तालुक्यात, जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडे गेलात तर दाट झाडी, गार रात्री आणि पावसाळ्यात कोसळणारा पाऊस. पूर्वेला सौंदत्ती आणि ईशान्येला रायबाग, अथणीकडे उघडा माळ आणि लख्ख ऊन. एकाच जिल्ह्यात दोन वेगळी गणितं आहेत.

दोन रात्रींचाच मुक्काम असेल तर फ्रीजचा विषय सोडा, चांगला आइसबॉक्स घ्या. हे कमीपणाचं वाटायचं कारण नाही. एक किलो बर्फ वितळताना साधारण ९३ वॅट-तास इतकी उष्णता शोषतो, म्हणजे दहा किलोची लादी जवळपास एका युनिटाएवढी थंडी सोबत घेऊन निघते, तीही विनावायर. चुरा घेऊ नका, लादीच घ्या. चुरा लवकर पाणी होतो. अडचण त्या पाण्याचीच. दुसऱ्या संध्याकाळी कोथिंबीर आणि लोण्याचा डबा त्यात पोहत असतात. सासूबाईंच्या इन्सुलिनसाठी फ्रीज हवा, असं आमच्याकडे एक मत होतं. पण वापरात असलेली इन्सुलिनची कुपी बहुतेक वेळा साध्या खोलीच्या तापमानात, तीसेक अंशांच्या आत, चार आठवडे चालते (डॉक्टरांना एकदा विचारून घ्या). बर्फाला चिकटून गोठली तर मात्र ती वाया गेली. तेव्हा त्या कारणासाठी मोठा खर्च नको.

तीन रात्रींच्या पुढे आइसबॉक्स थकतो. मग दुकानदार हमखास दाखवतो तो स्वस्त, हलका 'कार कूलर', ज्यात कंप्रेसर नसतो. मी घेतला होता. तो बाहेरच्यापेक्षा फार तर १५-२० अंशांनी गार करतो. डिसेंबरात जांबोटीला झकास. मे महिन्यात अथणीला बाहेर ३८ असताना आत १८-२३ अंश, म्हणजे दूध नासायला पोषक. आणि हा कधी थांबत नाही. १२ व्होल्टवर चार-पाच अँपिअर सतत, दिवसाला साधारण ११५० ते १४४० वॅट-तास. स्वस्तात घेतला, पण बॅटरी खाण्यात सगळ्यांचा बाप.

१२ व्होल्टवरचा कंप्रेसर फ्रीज महाग. साध्या आइसबॉक्सच्या दहाएक पट पैसे जातात. पण ४० लिटरचा फ्रीज चालू असताना ४५-५० वॅट घेतो आणि गार झाला की थांबतो. थंडीत दिवसाला ३०० ते ४०० वॅट-तास, उन्हाळ्यात ५०० ते ६००. बंद गाडीत उन्हात ठेवलात तर तेवढ्यावर भागणार नाही. याच्यापुढे घरचा फ्रीज तोट्याचा. एक तर सुरू होताना त्याची मोटर कित्येक पट करंट ओढते, त्यासाठी इन्व्हर्टर मोठा लागतो, आणि तो इन्व्हर्टर रिकामा चालतानाही बॅटरी पितो.

आता बॅटरी, कारण फसगत इथेच होते. गाडीच्या स्टार्टरच्या बॅटरीवर रात्रभर फ्रीज चालवला की सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतात. फ्रीजमध्ये व्होल्टेज कमी झालं की बंद पडण्याची सोय असते. गाडीच्या बॅटरीवर लावणार असाल तर ती 'हाय'वर ठेवा, म्हणजे फ्रीज लवकर बंद पडतो. खरं म्हणजे दुसरी बॅटरीच हवी. १०० अँपिअर-तासाची लेड-अ‍ॅसिड पंचवीस-तीस किलोची, आणि तिच्यातलं अर्धंच वापरायचं, म्हणजे ६०० वॅट-तास: थंडीत दीड दिवस. तेवढ्याच क्षमतेची लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) दहा-तेरा किलोची आणि ११०० वॅट-तास सहज देते: थंडीत तीन दिवस, उन्हाळ्यात दोन. इन्व्हर्टरची टब्युलर न्यायची असेल तर दोन माणसं, पन्नासवर किलो आणि चढावर अ‍ॅसिड सांडण्याची भीती धरून चला.

वायरीकडे कुणी बघत नाही. माझ्या गाडीत एका मेकॅनिकनं डिकीपर्यंत बारीक वायर ओढून दिली आणि फ्रीज सारखा 'लो व्होल्टेज' म्हणून बंद पडायचा. बॅटरी फुल, तरी. चार मीटर लांब दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत, जाऊन-येऊन, पाच अँपिअरला अर्धा व्होल्ट गळतो; सुरू होतानाचा झटका तर त्याहून मोठा. चार चौरस मिलिमीटरची वायर टाकली, बॅटरीजवळ फ्यूज बसवला, तक्रार संपली. सिगारेट लायटरचं सॉकेट धक्क्यानं सैल होतं, त्याच्यावर कायमचा भरवसा नको.

भरायची कशानं? चालत्या गाडीतून डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी भरणारं यंत्र) लावा. २० अँपिअरचा असेल तर बेळगाव ते सौंदत्तीच्या दोनेक तासांत चाळीस अँपिअर-तास बॅटरीत भरतात, म्हणजे थंडीतला एक दिवस निघाला. सोलर माळावर छान: १०० वॅटचं पॅनेल टपावर सपाट ठेवलं तरी डिसेंबर-जानेवारीत ३००-३५० वॅट-तास देतं, दक्षिणेकडे तिरकं केलं तर थोडं अधिक. फ्रीजला लागणारी वीज जवळपास निघते. खानापूरच्या रानात तेच पॅनेल शोभेचं. एका फांदीची सावली पडली तरी उत्पादन ढासळतं, आणि गाडी सावलीत हवी, पॅनेल उन्हात हवं, म्हणून लांब वायर ओढली की माकडं बघायला येतात. जून ते सप्टेंबर आमगाव-कणकुंबीकडे पॅनेल घरीच ठेवा. भीमगड अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्कामच नाही.

पेट्रोलचा छोटा जनरेटर चालतो, पण रात्री दोनला शेजारच्या तंबूतले लोक काय म्हणतात ते कन्नड आणि मराठी दोन्हींत ऐकावं लागतं. गॅसवर चालणारे फ्रीज असतात, अगदी निःशब्द, मात्र सपाट जमीन आणि मोकळी हवा हवी. बंद तंबूत ते जीवावर बेततं. आमच्या चढउताराच्या जागांना ते जमलं नाही.

मेव्हण्याला मी सांगितलंय: यात्रेच्या दोन रात्रींना लादी आणि आइसबॉक्स. पण तू आता दर सुट्टीला पाच-सहा दिवस बाहेर पडतोस, तर कंप्रेसर फ्रीज, एक लिथियम आणि डीसी-डीसी चार्जर घे. पॅनेल माळावर जाशील तेव्हाच. आणि निघायच्या आदल्या रात्री फ्रीज घरच्या विजेवर गार करून, गार झालेलंच सामान भर. कोमट पाण्याच्या दहा बाटल्या गाडीत बसल्यावर आत टाकल्यास तर पहिला अर्धा दिवस बॅटरी त्यांच्यासाठीच राबेल.