ट्रान्सपोर्ट नगरच्या उस्तादांनी केलेलं क्लचचं काम

आमची टेम्पो ट्रॅव्हलर २००८ सालची. आधी एका शाळेची बस होती. मी निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी ती घेतली आणि आत दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतली. ह्यांना संध्याकाळनंतर नीट दिसत नाही, म्हणून गाडी मीच चालवते. त्यामुळे क्लचचं दुखणं पहिल्यांदा माझ्याच पायाला कळलं.

फेब्रुवारीत ओंकारेश्वरहून परत येताना भेरूघाटात ट्रकांची रांग लागली. चार हात पुढे जायचं, थांबायचं, असं अर्धा तास चाललं. मग एकदा क्लच दाबला तर पॅडल काही न अडता थेट खाली बसलं आणि पहिला गिअर पडेना. तीन-चारदा भराभर दाबलं की पडायचा. तसं करत करत सिमरोल गाठलं आणि तिथून इंदूरला, लोकमान्य नगरच्या घरी.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या एका गॅरेजात दाखवली. तिथे गाडीखाली न जाताच सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं बदलू, सोळा हजार. मला ते पटेना. प्लेट झिजली असती तर चढावर इंजिन नुसतं ओरडलं असतं आणि गाडी ओढली नसती. आमची गाडी घाट मुकाट्याने चढली होती. अडत होता तो गिअर, म्हणजे क्लच पुरता सुटत नव्हता. मी गाडी परत आणली.

शेजारच्या ट्रकवाल्यांनी ट्रान्सपोर्ट नगरच्या ह्या उस्तादांचं नाव सांगितलं. पत्र्याची शेड, बाहेर कडुनिंब, पाटी नाही. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘भाभीजी, गिअरबॉक्स अभी मत खुलवाना, पहले मुझे नीचे देखने दो.’ मला पॅडल दाबून धरायला लावलं आणि स्वतः खाली आडवे झाले. ह्या क्लचला दोन सिलेंडर असतात: पॅडलमागचा वरचा, म्हणजे मास्टर, तेल दाबतो आणि त्या दाबाने खालच्याची दांडी बाहेर येऊन क्लच सुटतो. खालच्या सिलेंडरची दांडी किती बाहेर येते ते त्यांनी खडूने खूण करून पाहिलं. पाय मी तसाच दाबून ठेवला होता, तरी दांडी हळूहळू मागे सरकत होती. बाहेर गळती म्हणावी तर खालच्या सिलेंडरच्या रबरी टोपणात दोनच काळे थेंब, पॅडलमागे बोट फिरवलं तर कोरडं. म्हणजे वरचा मास्टर सिलेंडर आतल्या आत दाब सोडत होता. पंप केल्यावर गिअर का पडायचा, हेही तिथेच उलगडलं.

सिलेंडर खोलल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला. आतून नख फिरवलं तर एका जागी खरखर लागली. गंजाने बारीक खड्डे पडले होते. तेल चहाच्या रंगाचं झालं होतं. क्लचमध्ये ब्रेकचंच तेल असतं आणि ते हवेतलं पाणी शोषून घेतं. आमची गाडी सबंध पावसाळा उभी होती, शिवाय तेल शेवटचं कधी बदललं ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. ताजं डॉट ४ तेल, म्हणजे ब्रेक ऑइलची एक प्रत, किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की तीच हद्द १५५ च्या आसपास येते, आणि गंज चढतो तो वेगळाच. खड्डे पडलेल्या सिलेंडरात नुसतं किट, म्हणजे आतल्या रबरी वॉशरांचा नवा संच, घातलं तर नवे वॉशर महिन्या-दोन महिन्यांत फाटतील, म्हणून वरचा सिलेंडर नवा घ्यायला लावला. खालचा आतून गुळगुळीत निघाला. त्याला फक्त किट. दोन्ही नवे घ्या म्हणाले असते तर मी घेतले असते. ते म्हणाले नाहीत, ह्याचं मला फार मोल वाटतं. गाडी पिथमपूरची, त्यामुळे सामान त्याच दिवशी मिळालं.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. हाताखालच्या मुलाने खालचा सिलेंडर धुवायला डिझेलचा मग उचलला, तर उस्तादांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. डिझेलचा अंश राहिला तरी हे रबर फुगतं. त्यांनी कोऱ्या ब्रेक ऑइलने धुतलं आणि स्वच्छ फडक्याने पुसलं.

एअर, म्हणजे तेलाच्या नळीत अडकलेली हवा, काढायला मात्र वेळ लागला. ‘दबाओ… पकड़ के रखो’ असं वीस-पंचवीस वेळा झालं. मी दाबून धरायचं, ते खालच्या सिलेंडरचं निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, उघडून पुन्हा बंद करायचे, मग मी पाय उचलायचा. बाटलीतल्या नळीत बुडबुडे येतच राहिले. मग त्यांनी वरच्या सिलेंडरच्या तेलाच्या डबीतलं थोडं तेल काढून घेतलं आणि खालच्या निपलमधून मोठ्या सिरिंजने नवं तेल वर ढकललं. हवा वरच जाणार; डबीत फसफस करून बुडबुडे आले आणि पॅडल एकदम घट्ट झालं. शेवटी पॅडलला हाताने किंचित ढिलाई आहे ना, ते मला दाखवलं. ती ठेवली नाही तर पाय उचलल्यावरही तेल डबीत परतत नाही, दाब आत राहतो आणि प्लेट घसरायला लागते.

सगळे मिळून ३,१०० रुपये झाले, दोन्हीकडचं सामान आणि तेल धरून. लेखी बिल मिळालं नाही, हवं असेल तर मागून घ्यावं लागेल. अकराला या म्हणाले आणि काम दोनला सुरू झालं. दाराच्या पायरीवर तेल सांडलं ते कोणी धुतलं नाही, संध्याकाळपर्यंत तिथला रंग सुटला. हे तेल रंग खातं, लगेच पाणी ओतलं असतं तर वाचला असता. त्याचं मला वाईट वाटलं आणि मी त्यांना तसं सांगितलंही.

त्यानंतर मांडू झालं, महेश्वर झालं, भेरूघाट दोनदा झाला. गिअर लोण्यासारखा पडतो. उस्तादांनी दर दोन वर्षांनी तेल बदलायला सांगितलंय, आणि गाडी उभी असली तरी आठवड्यातून एकदा क्लच दहा-बारा वेळा दाबायला. रविवारी सकाळी तुळशीला पाणी घातलं की मी गाडीत जाऊन बसते.