ड्यून २: पाण्याचा हिशेब चोख, लढाईचा कच्चा

(खाली शेवटापर्यंतचं सगळं उघड केलंय. पाहायचा राहिला असेल तर आधी तो उरकून घ्या.)

डेनी विल्नव्हच्या 'ड्यून: पार्ट टू'मध्ये वाळवंटी ग्रहावरचे फ्रेमेन टोळीवाले त्यांच्यावर राज्य करणाऱ्या हार्कोनेन घराण्याच्या मारलेल्या सैनिकांच्या अंगात नळ्या खुपसतात आणि पंप लावून त्यांचं पाणी काढून घेतात. पीत मात्र नाहीत. शत्रूच्या अंगात रसायनं फार, म्हणून ते पाणी यंत्रं गार ठेवायला जातं. प्यायचं वेगळं, वापरायचं वेगळं. ज्याच्या गल्लीत उन्हाळाभर टँकर येतो त्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. २०२१ च्या पहिल्या भागाने १५५ मिनिटं घराणी, ग्रह आणि नकाशे समजावण्यात घालवली. १६६ मिनिटांचा हा दुसरा भाग थेट वाळूत उतरतो, आणि पाण्याच्या जवळ राहतो तोवर पहिल्यापेक्षा कितीतरी सरस आहे. गादीकडे वळला की पातळ होतो.

सिएचच्या, म्हणजे फ्रेमेनांच्या डोंगरातल्या वस्तीच्या, पोटातलं तळं बघा. मेलेल्या प्रत्येक फ्रेमेनचं पाणी त्यात जातं, पहिल्या भागाच्या शेवटी नायक पॉलने मारलेल्या जेमिसचंही. तहानेने मरायची वेळ आली तरी यातला थेंब आम्ही पिणार नाही, असं टोळीचा म्होरक्या स्टिल्गर पॉलच्या आईला, जेसिकाला सांगतो. लातूरला २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी आली होती. ते आठवलं की फ्रेमेनांची शिस्त जरा पुस्तकी वाटते. पण शिस्तीमागचं कारण सिनेमा लपवत नाही: ग्रह एक दिवस हिरवा होईल या वचनावर पिढ्यान्‌पिढ्या पाणी साठतंय. तहानलेल्या माणसाला हिरवळीचं वचन दिलं की तो कुणाच्याही मागे जातो, हे इथलं खरं कथानक.

फ्रेमेनांच्या अंगावरच्या स्टिलसूटबद्दल मात्र तक्रार आहे. घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं गाळून परत नळीने प्यायचं ही कल्पना झकास. पण घामाने गार वाटतं ते घाम उडून गेला तरच. तीच वाफ सूटच्या आत पुन्हा पाणी झाली की तिने उचललेली उष्णता तिथंच परत सुटते. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की थोड्या वेळात खोलीत जे होतं, तेच अंगावर होणार. ही उष्णता बाहेर कुठून जाते, ते सिनेमा दाखवत नाही. वर भर उन्हात नाकातली नळी काढून, तोंड उघडं टाकून गप्पा. नटांचे चेहरे दिसायला हवेत हे मान्य, पण पाण्याच्या थेंबाथेंबाला जपणारी माणसं असं करणार नाहीत.

वाळूखालून धावणाऱ्या अजस्र वाळूकिड्यावर बसायचा प्रसंग हा या भागाचा कळस, आणि तो पायरीपायरीने रचलाय. आधी थंपर रोवायचा. त्याच्या ठोक्यांवर किडा येतो. मग टेकडीच्या धारेवर उभं राहून वाट पाहायची. किडा शेजारून जाताना आकडा टाकून अंगावरची खवल्यासारखी चकती उचलायची. खालचं मऊ मांस उघडं पडलं की त्यात वाळू जाऊ नये म्हणून किडा ती बाजू वर ठेवतो आणि जमिनीत बुडत नाही. हे कारण मूळ पुस्तकात स्पष्ट आहे. इथं फक्त चकती उचललेली दिसते, त्यामुळे नवख्याला पॉल नुसताच लटकलाय असं वाटू शकतं. टेकडीच पायाखालून ढासळते आणि तो वाळूसकट खाली येतो, तो क्षण मात्र पोटात गोळा आणणारा. उरलेला प्रश्न जुन्याच चाहत्यांचा: जेसिका पालखीत बसून किड्यावरून दक्षिणेला जाते, ती पालखी धावत्या किड्यावर चढवली कुणी आणि कशी? विल्नव्हने तिथं सरळ कात्री मारलीय.

हार्कोनेनांच्या ग्रहावर, गीडी प्राइमवर छायालेखक ग्रेग फ्रेझरने कॅमेरा बदलून इन्फ्रारेडमध्ये चित्रण केलंय. काळ्या सूर्याखाली रंगच उरत नाहीत, कातडी दुधासारखी पांढरी आणि डोळे मेल्यासारखे. रंग नंतर पुसून ही कातडी आली नसती. ऑस्टिन बटलरचा फेड-राउथा, हार्कोनेन सरदाराचा पुतण्या, या उजेडात जितका भीती घालतो तितका पुढे घालत नाही.

आता कच्चे दुवे. फ्रँक हर्बर्टच्या १९६५ च्या पुस्तकात ही लढाई काही वर्षं चालते. पॉल आणि त्याची फ्रेमेन प्रेयसी चानी यांना मुलगा होतो, मारला जातो, आणि पॉलची बहीण आलिया बोलतीचालती पोर होते. सिनेमात आलिया शेवटपर्यंत आईच्या पोटातच. म्हणजे परका पोरगा टोळीत शिरला, भाषा शिकला, प्रेमात पडला, देव झाला आणि बादशहाला गुडघ्यावर आणलं, हे सगळं नऊ महिन्यांच्या आत. स्टिल्गरची श्रद्धा एवढ्या वेगात वाढणं हाविएर बार्डेमच्या विनोदामुळे पचतं, दुसऱ्याला जमलं नसतं. शेवटची लढाई तर उरकलीच आहे. अण्वस्त्रांनी डोंगर फोडला, वादळ आत आलं, किडे आले, आणि ज्यांच्या नावाने सगळं विश्व थरथरतं ते बादशहाचे सार्डाउकार सैनिक काही मिनिटांत आडवे. फेडच्या भावाचा, राबानचा तर निकाल चुटकीसरशी. क्रिस्टोफर वॉकेनचा बादशहा थकलेल्या पेन्शनरासारखा नुसता बसलाय, आणि अवकाश प्रवासाचा मक्ता असलेला गिल्ड जवळपास गायब, त्यामुळे त्या प्रवासाला लागणारा, फक्त याच ग्रहावर मिळणारा मसाला थांबवण्याच्या धमकीला वजन येत नाही.

चानीचा बदल अनेक वाचकांना खटकला. खरं तर सगळ्यात शहाणा बदल तोच. पुस्तकात ती पॉलच्या मागे उभी राहते. इथं झेंडायाची चानी प्रश्न विचारते, आणि विष पिऊन निपचित पडलेल्या पॉलला उठवायला तिचा एक अश्रू लागतो तेव्हा तोही जेसिका ऐकणाऱ्याला हुकूम पाळायलाच लावणारा आपला 'आवाज' वापरून जबरदस्तीने काढून घेते. ज्या जगात रडणं म्हणजे पाणी सांडणं, तिथं यापेक्षा मोठी लूट दाखवता आली नसती.

एक धागा मात्र हातचा सोडलाय. लहान किडा पाण्यात बुडवून मारतात आणि त्यातून निळं विष काढतात, हे सविस्तर दिसतं. म्हणजे पाणी किड्याला मारतं. मसाला किड्यांमुळे. मग ग्रह हिरवा झाला तर किडे जाणार, मसाला जाणार, फ्रेमेनांची ताकदही जाणार. वचनाचीच ही किंमत कुणी उच्चारतसुद्धा नाही.

घरी पाहणाऱ्यांसाठी: पहिल्या भागाचा निदान शेवटचा अर्धा तास आधी बघा, नाहीतर सुरुवातीला खांद्यावर वाहून नेतात ते प्रेत कुणाचं ते कळणार नाही. ध्वनी आणि दृश्य परिणाम, दोन्हींचं ऑस्कर याला मिळालंय, पण किड्याची घरघर टीव्हीच्या बारक्या स्पीकरांतून येतच नाही. वूफर नसेल तर बरा हेडफोन लावा. चित्राला सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड, आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद. ती चालू राहिली तर वाळवंट मालिकेच्या सेटसारखं दिसतं. गीडी प्राइमच्या आधी खोलीतली ट्यूब बंद करा, नाहीतर काळ्याचं राखाडी होतं. फ्रेमेन आपसात चाकोब्सा बोलतात, म्हणून मूळ इंग्रजीत पाहत असाल तरी सबटायटल चालूच ठेवा.