नेमणुकीआधीची उलटतपासणी : लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

सरकारचा सर्वोच्च वकील आणि तपासयंत्रणेचा प्रमुख नेमताना कायदेमंडळाची संमती घ्यावी की नाही, आणि घ्यायची तर ती कशी, या विषयावर पुण्यात मराठीतून सलग शिकवणारा वर्ग असेल, अशी माझी अपेक्षा नव्हती. लॉ कॉलेज रस्त्यालगतच्या एका गल्लीत, एका छोट्या संस्थेच्या सभागृहात शनिवार-रविवारी हा वर्ग भरतो. शिवाजीनगर न्यायालयातले तरुण वकील, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून आलेले स्पर्धा परीक्षांचे उमेदवार आणि काही निवृत्त अधिकारी असा श्रोतृवर्ग असतो. शुल्क माफक आहे, विद्यार्थ्यांना सवलत आहे आणि वेळ काटेकोरपणे पाळली जाते. व्यवस्थेबद्दल एवढे पुरे, कारण या वर्गाची खरी किंमत त्याच्या मांडणीत आहे.

मांडणीचा पाया अमेरिकेचा आहे आणि तो योग्यच आहे. तिथल्या राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार राष्ट्राध्यक्ष उच्चाधिकाऱ्यांची नावे सुचवतात आणि सिनेटच्या, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाच्या, सल्ल्याने व संमतीने त्यांची नेमणूक होते. महान्यायवादी म्हणजे सरकारचा सर्वोच्च वकील, एफबीआय या केंद्रीय तपासयंत्रणेचे संचालक आणि देशभरातील 93 फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, वकील या सर्वांना त्या दारातून जावे लागते. बहुतेक ठिकाणी हा विषय मतांच्या आकड्यांवर संपतो. महान्यायवादीपदासाठी लोरेटा लिंच यांचे नाव नोव्हेंबर 2014 मध्ये गेले आणि एप्रिल 2015 मध्ये 56 विरुद्ध 43 मतांनी मंजूर झाले. एफबीआय संचालकपदासाठी काश पटेल यांना फेब्रुवारी 2025 मध्ये 51 विरुद्ध 49 मतांनी संमती मिळाली. हे आकडे वर्गातही सांगितले जातात, पण तिथे थांबले जात नाही. निवृत्त वकील असलेले मुख्य व्याख्याते पहिल्याच दिवशी आपली भूमिका स्पष्ट करतात. त्यांच्या मते संमतीची खरी ताकद अंतिम मतदानात कमी आणि त्याआधीच्या सुनावणीत शपथेवर, सर्वांसमक्ष विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत जास्त असते. पुढचे सगळे वर्ग याच एका धाग्यावर चालतात, आणि तो धागा मला पूर्णपणे पटला.

त्यासाठी निवडलेला 1973 चा कालखंड हा या वर्गाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. जे. एडगर हूव्हर 1924 पासून मे 1972 मध्ये मृत्यू येईपर्यंत एफबीआयच्या प्रमुखपदी होते. संचालकाला सिनेटची संमती आवश्यक ठरवणारा कायदा 1968 मध्ये झाला होता, पण हूव्हर आधीपासूनच पदावर असल्याने त्याची कसोटी लागली नव्हती. ती लागली एल. पॅट्रिक ग्रे यांच्या वेळी. हंगामी संचालक असलेल्या ग्रे यांनी सुनावणीत कबूल केले की, वॉटरगेट, म्हणजे निक्सन सरकारला भोवलेल्या घोटाळ्याच्या, तपासाची कागदपत्रे आपण राष्ट्राध्यक्षांचे वकील जॉन डीन यांच्या हाती दिली होती. त्यानंतर एप्रिलमध्ये त्यांचे नाव मागे घेतले गेले आणि सिनेटमध्ये मतदानाची वेळच आली नाही. एक माणूस खुर्चीत बसतो, प्रश्नाला उत्तर देतो आणि त्या उत्तरानेच नेमणूक कोसळते, हे व्याख्यात्यांनी सुनावणीच्या क्रमानेच उलगडले, आणि सभागृहात कोणी जागचे हलले नाही.

त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण याहून मोलाचे आहे. महान्यायवादीपदासाठी नाव सुचवलेल्या एलियट रिचर्डसन यांच्याकडून सिनेटच्या न्यायविषयक समितीने वॉटरगेटच्या तपासासाठी स्वतंत्र विशेष अभियोक्ता (सरकारी वकील) नेमण्याचे आणि गंभीर गैरवर्तन घडल्याशिवाय त्याला न काढण्याचे वचन घेतले. रिचर्डसन यांनी आर्चिबाल्ड कॉक्स यांची नेमणूक केली. ऑक्टोबरमध्ये कॉक्स यांना काढण्याचा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा आदेश आला, तेव्हा तो न पाळता रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. सुनावणीतील प्रश्न पाच महिन्यांनंतरही माणसाला कसा बांधून ठेवतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. एफबीआय संचालकाची मुदत दहा वर्षांपुरती मर्यादित करणारा 1976 चा कायदा याच अनुभवांच्या पार्श्वभूमीवर आला, हेही इथे नीट जोडून दाखवले जाते.

प्रात्यक्षिकाचे सत्र स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. लांब टेबलामागे काही सहभागी समिती सदस्य म्हणून बसवले होते आणि समोरच्या एकट्या खुर्चीत कायद्याच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी महान्यायवादीपदाची उमेदवार होती. ‘ज्यांनी तुमचे नाव सुचवले, तेच चौकशीच्या कक्षेत आले तर फाइल तुमच्याकडे राहील का?’ हा प्रश्न आला, तेव्हा तिने ‘कायद्याप्रमाणे योग्य तो निर्णय घेईन’ असे गुळमुळीत उत्तर दिले. समितीतील मुलगा समाधानाने पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तोच सरांनी त्याला थांबवले आणि म्हणाले, ‘उत्तर मिळालेले नाही. पुन्हा विचारा.’ तिसऱ्यांदा विचारल्यावर ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘नाही सर, ती फाइल मी दुसऱ्याकडे सोपवीन.’ हे वाक्य शब्दशः नोंदवून घेण्यात आले. केवळ या तासाभरासाठीही हा वर्ग करावा, असे मी म्हणेन.

चार्ल्स वॉरन यांची हकिगत मात्र घाईने उरकली गेली. मार्च 1925 मध्ये महान्यायवादीपदासाठीच्या त्यांच्या नावावर सिनेटमध्ये समसमान मते पडली. निर्णायक मत देऊ शकणारे उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स डॉझ त्या वेळी हॉटेलात विश्रांती घेत होते, आणि ते पोहोचण्याआधी एका सदस्याने मत बदलल्याने नाव फेटाळले गेले. गोष्ट रंजक असल्याने तेवढीच सांगितली जाते. पण वॉरन यांचे साखर उद्योगातील मक्तेदारीशी असलेले संबंध हा विरोधाचा गाभा होता, आणि तो बाजूला पडला. हितसंबंधांची छाननी हा विषय शिकवायला यापेक्षा चांगली संधी मिळाली नसती.

माझी मुख्य तक्रार भारताविषयीच्या सत्राबद्दल आहे. ते शेवटच्या दिवशी, चहानंतर, उरलेल्या वेळात कोंबले आहे. आपल्याकडे महान्यायवादी अनुच्छेद 76 खाली राष्ट्रपती नेमतात, राज्याचा महाधिवक्ता अनुच्छेद 165 खाली राज्यपाल नेमतात, आणि कायदेमंडळाला त्यात स्थान नाही. एवढे सांगून गाडी पुढे गेली. जून 1949 मध्ये संविधान सभेत शिब्बन लाल सक्सेना यांनी निवडणूक आयुक्ताच्या नेमणुकीला संसदेच्या दोन तृतीयांश बहुमताची जोड असावी, असे सुचवले होते. त्याआधी मे महिन्यात, न्यायाधीशांच्या नेमणुकांच्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी अमेरिकी पद्धत किचकट ठरेल आणि तिच्यातून राजकीय दडपण शिरेल, असा आक्षेप घेतला होता. ही दोन्ही बाजूंची मांडणी वर्गात वाचली जायला हवी होती, कारण ज्या प्रश्नावर आपण अमेरिकेचे धडे गिरवत होतो, तो आपल्याच संविधान सभेत विचारला गेला होता.

सीबीआय संचालकाच्या निवड समितीत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले न्यायाधीश असतात, ही 2013 च्या लोकपाल कायद्याने आलेली तरतूद सांगितली गेली. पण जानेवारी 2019 मध्ये तेव्हाचे संचालक आलोक वर्मा यांना याच समितीने दोन विरुद्ध एक अशा मतांनी पदावरून हलवले आणि समितीतील विरोधी पक्षाचे सदस्य मल्लिकार्जुन खर्गे यांनी भिन्नमत नोंदवले, यावर चर्चा झालीच नाही. केंद्रीय दक्षता आयुक्तपदासाठी पी. जे. थॉमस यांच्या नावाला तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी 2010 मध्ये त्या पदाच्या निवड समितीतच विरोध केला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने 3 मार्च 2011 रोजी ती नेमणूक रद्द केली. हाही संदर्भ ओझरता आला. आपल्याकडे प्रश्न विचारले जातात ते बंद खोलीत, आणि उमेदवार समोर नसताना. अमेरिकेच्या उदाहरणांवरून जे शिकवले, ते इथे लावून पाहिले असते तर वर्ग पूर्ण झाला असता. पोलीस महासंचालकांच्या निवडीसाठी प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये घालून दिलेली पद्धत महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना सर्वांत जवळची आहे. तिला पाच मिनिटे मिळाली.

टिपणे मराठीत, स्वच्छ आणि पारिभाषिक शब्दांना सोपी जोड देणारी आहेत. त्यांत समितीचा प्रश्नावली-नमुना दिला आहे, तो वकिलीच्या विद्यार्थ्यांनी जपून ठेवावा असा आहे. प्रश्नोत्तरांना दिलेला वेळ पुरेसा आहे आणि व्याख्याते कोणाही श्रोत्याला टाळत नाहीत. पुढच्या तुकडीसाठी संयोजकांना माझी एकच विनंती आहे : वॉरन आणि मतदानाच्या आकड्यांचा तास कमी करून भारतावर अख्खा रविवार द्यावा, आणि त्या दिवशीच्या प्रात्यक्षिकात उमेदवाराच्या खुर्चीत सीबीआयच्या संचालकपदाचा उमेदवार बसवावा.