भरलेला गोड फ्रेंच टोस्ट: कोणता पाव, कोणते सारण?

सकाळच्या घाईत भरलेला गोड फ्रेंच टोस्ट करायचा असेल, तर निर्णय दोनच घ्यावे लागतात: पाव कोणता आणि सारण कोणते. हा पदार्थ फसतो तो बहुधा जास्त ओलाव्यामुळे. पाव अंड्या-दुधात भिजलेला असतोच. त्यात सारणानेही पाणी सोडले, तर टोस्ट बाहेरून खरपूस दिसतो आणि आतून चिकट, कच्चट राहतो. म्हणून पुढचे सर्व पर्याय मी आधी ओलाव्याच्या आणि मग चवीच्या कसोटीवर तोलले आहेत.

पावापासून सुरुवात करू. दुकानातल्या पाकिटातले स्लाइस सर्वांत सोयीचे, कारण दोन स्लाइसमध्ये सारण ठेवून कडा दाबल्या की काम झाले. मात्र या कडा पक्क्या बंद होत नाहीत. त्यामुळे गुळाचे किंवा साखरेचे सारण तव्यावर उतरते, करपते आणि पुढच्या टोस्टला काळे डाग पडतात. शिवाय ताजा स्लाइस दोन्ही बाजूंनी मिळून वीस-तीस सेकंदांपेक्षा जास्त भिजवला, तर उचलताना हातात तुटतो.

पदेराकडचा (म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याकडचा) मऊ चौकोनी पाव या बाबतीत उजवा ठरतो. त्याला एकाच बाजूने चीर देऊन आत खिसा करता येतो, उरलेल्या तिन्ही बाजू बंदच राहतात आणि सारण जागेवरून हलत नाही. पाव आदल्या दिवशीचा असावा. शिळा होताना पावातील स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट रचले जातात, त्यामुळे तो भरपूर दूध शोषूनही लगदा होत नाही. फ्रेंच लोक या पदार्थाला ‘वाया गेलेला पाव’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, आणि पोर्तुगालमध्ये नाताळाला होणाऱ्या राबानादास या अशाच गोड टोस्टमध्येही शिळाच पाव वापरतात. गोव्याच्या पावसाळी हवेत ओट्यावर ठेवलेल्या पावाला लवकर बुरशी येते, म्हणून रात्रीच तो फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीजमध्ये पाव लवकर शिळा होतो. एरवी हा दोष असला, तरी इथे तोच उपयोगी पडतो.

उंड्याचे (गोव्यातल्या गोल पावाचे) कवच कडक असल्यामुळे दूध आत शिरत नाही, म्हणून तो या कामाचा नाही. पोळीचे (म्हणजे कोंड्याच्या गोल पावाचे, चपातीचे नव्हे) आकर्षण मला समजते, कारण ती आतून पोकळ असते आणि चीर दिली की आयता खिसा मिळतो. पण ती चिवट असते. तिला चार-पाच मिनिटे भिजवावी लागते, आणि शाळेची गाडी दाराशी येण्याच्या वेळी तेवढी सवड नसते.

आता सारण. पातोळ्या आणि आले-बेले (खोबरे-गूळ भरून गुंडाळलेली धिरडी) करणाऱ्या घरांत नारळाचे चून, म्हणजे खोबरे-गुळाचे सारण, ओळखीचे आहे, आणि माझ्या मते या टोस्टला त्याच्या तोडीचे दुसरे सारण नाही. एक वाटी ओले खोबरे, अर्धी वाटी चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ आणि वेलची मंद आचेवर आठ-दहा मिनिटे परतावी. कढईच्या तळाशी रस दिसेनासा झाला की थांबावे. गुळाचे पाणी आटल्यामुळे हे सारण कोरडसर राहते, तव्यावर सुटत नाही, आणि वेलचीच्या वासाने अंड्याचा हिमूस वासही दबतो. ऊसगुळाऐवजी माडाचा गूळ वापरला, तर रंग काळसर येतो आणि धुरकट गोडवा मिळतो. तो मुळातच थोडा खारट लागतो, म्हणून मग मीठ घालू नये. आदल्या रात्री केलेले चून फ्रीजमध्ये तीन दिवस चांगले राहते. त्यामुळे सकाळी फक्त भरणे आणि भाजणे उरते.

केळ्याचा पर्याय चवीला तितकाच मोहक असला, तरी तो रविवारसाठी ठेवावा. पिकलेले पण घट्ट सालदाटी (गोव्यातली केळ्याची एक जात) केळे घेऊन त्याचे सेंटिमीटरभर जाड काप चमचाभर तुपात दोन मिनिटे परतले, की त्यातले पाणी कमी होते आणि गोडवा वाढतो. न परतता भरले, तर आतला भाग ओलसर राहतो. पेराद मात्र घाईच्या सकाळचा खरा सोबती आहे. पेरूचा गर साखरेत आटवून केलेली ही वडी पातळ कापून थेट पावात ठेवता येते आणि उष्णतेने मऊ होते, पण वाहत नाही. ती अति गोड असल्यामुळे अंड्याच्या मिश्रणात साखर अजिबात घालू नये.

आंब्याविषयी एक इशारा द्यायला हवा. मे महिन्यात मी एकदा मानकुराद या गोव्यातल्या आंब्याच्या ताज्या फोडी भरून पाहिल्या. दोन मिनिटांत रसाने पाव आतून विरघळला आणि उलटताना तव्यावरच त्याचे तुकडे झाले. आंबा हवाच असेल, तर आंब्याचे साठ (वाळवलेला रस) वापरावे. चॉकलेट स्प्रेडही गरम झाल्यावर पातळ होऊन बाहेर येतो, म्हणून मी तो टाळते.

चार पावांसाठी दोन अंडी, अर्धा कप दूध आणि चमचाभर साखर पुरते. भरलेला पाव मिश्रणात बुडवून काढल्यावर चिरेची बाजू खाली ठेवून तो अर्धा मिनिट तव्यावर उभा धरावा. अंडे थिजून चीर बंद होते. मग मध्यम-मंद आचेवर, झाकण ठेवून, दोन्ही सपाट बाजू तीन-तीन मिनिटे भाजाव्यात. आच मोठी ठेवली, तर साखर आधी करपते आणि मधला भाग गरमच होत नाही.

श्रावणात किंवा चतुर्थीच्या दिवसांत अनेक घरांत अंडे वर्ज्य असते. तेव्हा कपभर दुधात दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर मिसळावी. पावडर तळाशी बसते, म्हणून प्रत्येक पाव बुडवण्याआधी मिश्रण पुन्हा ढवळावे. या मिश्रणाने चीर अंड्यासारखी बंद होत नाही, त्यामुळे आत फक्त चून भरावे आणि तेही एका पावाला दीड चमच्यापेक्षा जास्त नको.