वॉटर स्कीइंग, वेकबोर्ड की ट्यूब? सुट्टीत एकदाच करायचं असेल तर

उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर सुट्टीला गेलं की वॉटर स्पोर्ट्सच्या फलकावर ही तीन नावं शेजारी शेजारी दिसतात. तिन्हींत बोट ओढते आणि आपण मागून जातो, एवढंच साम्य. बाकी जमीन-अस्मानाचा फरक.

ट्यूबचं लवकर उरकतो. हवा भरलेल्या गादीवर बसायचं आणि हँडल घट्ट धरायचं. शिकण्यासारखं काही नाही. पण तिला निवांत प्रकार समजू नका. वळणावर ट्यूब बाहेरच्या बाजूला भिरकावली जाते तेव्हा तिचा वेग बोटीपेक्षाही वाढतो. दोघं-तिघं एकत्र बसले असतील तर डोक्याला डोकं आपटतं.

खरा प्रश्न स्की, म्हणजे दोन पायांना दोन अरुंद फळ्या, की वेकबोर्ड, म्हणजे दोन्ही पायांखाली एकच फळी, हा. सुरुवात दोन्हींत सारखीच: लाइफ जॅकेट घालून तरंगायचं, गुडघे छातीशी, हात सरळ. स्कीवर असाल तर टोकं पाण्याबाहेर आणि दोर दोन्ही स्कींच्या मधून. बोट निघाली की हँडल छातीकडे ओढावंसं वाटतं आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं, कारण हात आखडले की तोल मागे जातो. उठायची घाई करायचीच नाही. जमिनीवर बसलेल्याला कुणी हात देऊन उभं करावं, तसं बोटीला आपल्याला उठवू द्यायचं.

हे उठणं वेकबोर्डवर बऱ्याच जणांना सोपं जातं. फळी एकच आणि रुंद, त्यामुळे पाय फाकत नाहीत. स्कीवर नेमके तेच फाकतात. पण उभं राहिल्यावर पारडं फिरतं. स्कीवर तोंड सरळ बोटीकडे असतं, ताशी 25 ते 35 किमी वेगात रेघ धरून जाता येतं, आणि पडलात तर पाय सहसा रबरी बुटातून सुटतात. वेकबोर्डवर बोटीकडे खांदा करून उभं राहायचं असतं आणि पाय फळीला पक्के बांधलेले. फळीची कड पाण्यात रुतली की माणूस थेट तोंडावर किंवा पाठीवर आपटतो, तेही बेसावधपणे.

म्हणून हाताशी एकच सकाळ असेल तर माझं मत दोन स्कींना. आठवडाभर मुक्काम असेल आणि गुडघे ठणठणीत असतील, तर वेकबोर्ड. खांदा किंवा कंबर दुखरी असेल तर तिन्हींच्या वाटेला जाऊ नका.

बोटीच्या बाजूला आडवा दांडा, म्हणजे बूम, आहे का ते आधी विचारा. त्याला धरून शिकताना शिकवणारा हाकेच्या अंतरावर असतो आणि मागच्या लाटांचा त्रासही होत नाही. लांब दोरापेक्षा हे कितीतरी बरं.

जागाही पारखून घ्या. 1922 मध्ये या खेळाचा जनक राल्फ सॅम्युएलसन पहिल्यांदा स्कीवर उभा राहिला तो अमेरिकेतल्या लेक पेपिनवर, समुद्रात नव्हे. या खेळाला संथ पाणी लागतं. प्रवाळाच्या कड्याआड असलेलं खाजण किंवा आडोशाची खाडी मिळाली तर उत्तम. उघड्या समुद्रात दुपारी वारा सुटला की नवशिक्याचे हाल होतात. सकाळची पहिली वेळ मागा.

आणि बोटीत चालकाखेरीज तुमच्यावर नजर ठेवणारा दुसरा माणूस हवाच. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, हे तुमचे इशारे चालकापर्यंत तोच पोहोचवतो. ‘आरसा आहे की’ असं उत्तर मिळालं, तर पैसे देऊ नका.