एपॉक्सी पुट्टीची कांडी आणि सिलिकॉन टेप: आठ महिन्यांच्या ठिगळांचा हिशेब

गेल्या आठवड्यात सिंकखालच्या ट्रॅपवर, म्हणजे सांडपाण्याच्या वळणदार पाइपवर, लावलेले एपॉक्सी पुट्टीचे ठिगळ निखळून खाली ठेवलेल्या बादलीत पडले. ते तुटले नव्हते, त्याला भेग गेली नव्हती, झिजलेही नव्हते. नारळाच्या करवंटीचा तुकडा असावा तशी ती टणक वाटी जशीच्या तशी हातात आली आणि तिच्या आतल्या बाजूस ट्रॅपच्या पृष्ठभागावरील प्रत्येक रेघ स्वच्छ उमटलेली होती. याच जागेवरून निखळलेले हे तिसरे ठिगळ. पहिले नऊ दिवस टिकले, दुसरे तीन आठवडे, आणि दुसऱ्याच्या वेळी मी विक्रेत्याशी बऱ्यापैकी भांडलोही होतो. तेव्हा आठ महिन्यांचा हिशेब एकदा मांडावा, असे ठरवले.

मळून लावायची एपॉक्सी पुट्टी आणि स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप, या दोन वस्तू मी एकाच दिवशी घेतल्या. निमित्त न्हाणीघरातील थंड पाण्याच्या वाहिनीवरचा पीव्हीसीचा एल्बो, म्हणजे कोपऱ्यात वळणारा जोड, होता. त्याच्या बाहेरच्या वळणावर केसाएवढी बारीक चीर पडली होती आणि भिंतीला लागून असलेला तो जोड बदलायचा तर फरशी फोडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

कांडीची रचना वाचकांना ठाऊक असेलच: गाभ्यात एक घटक, भोवती दुसरा, लागेल तेवढा तुकडा कापायचा आणि रंग एकसारखा होईपर्यंत मळायचा. तक्रार इथूनच सुरू होते. पाते फिरले की कापलेल्या तोंडावर दोन्ही घटक एकमेकांत थोडे माखतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिथे एक कडक चकती तयार होते. पुढच्या वेळी ती तासून टाकावीच लागते, कारण तिचे खडे मळलेल्या गोळ्यात राहिले तर ठिगळात पोकळ्या पडतात. कांडी 11 सेंटीमीटरची होती. ती आठ वेळा कापली, त्यांपैकी सात वेळा टोक तासले, आणि दर वेळी चार-पाच मिलिमीटर मोजून पाहता तीन सेंटीमीटरांहून अधिक माल निव्वळ कचऱ्यात गेला. म्हणजे विकत घेतलेल्या वस्तूचा चौथ्या हिश्श्याहून मोठा भाग कोणत्याही पाइपला न लागताच संपला. टोपण घट्ट लावले, टोकाला प्लास्टिकचा कागद गुंडाळला, डबी उलटी ठेवून पाहिली. काहीही उपयोग झाला नाही. होणारही नव्हता, कारण एपॉक्सी हवेने वाळत नाही, दोन घटक एकत्र आल्याने घट्ट होते, आणि ते तर पात्याने आधीच एकत्र आणलेले असतात. नव्या धारदार पात्याने एकाच झटक्यात कापले आणि पाते लगेच पुसले, तर चकती दोन मिलिमीटरांवर येते, हा शोध कांडी संपता संपता लागला.

एल्बोवरील कामाबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. मुख्य कॉक बंद करून वाहिनी पूर्ण रिकामी केली, चिरेच्या दोन्ही टोकांना दोन मिलिमीटरचे छिद्र पाडले, जेणेकरून ताण तिथेच विखुरला जाऊन चीर पुढे सरकणार नाही, आणि भोवतालचा भाग काचकागदाने चमक जाईपर्यंत घासून स्पिरिटने पुसला. मळलेला गोळा हातात गरम होऊ लागतो. तो गरम झाला की वेळ संपत आली असे समजावे. माझ्या कांडीला पाच मिनिटांची मुदत होती आणि तेवढ्यात तो चिरेत दाबून, मधे जाड व कडांना पातळ असा पसरवावा लागतो. वेष्टनावर तासाभरात कडक होईल असे लिहिले होते. त्यावर विसंबून पहिल्या दिवशी तासाभरातच कॉक उघडला आणि कडेतून पाण्याचा थेंब डोकावला. ते ठिगळ खरवडून दुसरे लावले व पूर्ण 24 तास कॉकला हात लावला नाही. टाकीतील पाण्याची पातळी जोडापेक्षा 10 मीटर उंच असेल, तर जोडावर सुमारे 1 बार दाब सतत असतो, आणि नळ झटकन बंद केला की क्षणभर याहून कितीतरी मोठा धक्का बसतो. हे दुसरे ठिगळ आज आठ महिने तो सोसत आहे. हातमोजे मात्र अवश्य घालावेत. बोटांच्या बेचक्यांत दोन दिवस खाज सुटली होती.

ट्रॅपचे दुसरे ठिगळ निखळल्यावर विक्रेत्याने कुरकुरत का होईना, दोन घटक वेगवेगळ्या वेष्टनांत असलेली पुट्टी बदली दिली. तीत चकतीचा प्रश्नच उद्भवत नाही, दाण्याएवढाही माल वाया जात नाही, आणि केवळ या एका गुणासाठी मी तिला कांडीच्या वर बसवणार होतो. परंतु समान भाग नजरेने घ्यावे लागतात आणि माझ्या नजरेने पहिल्याच वेळी दगा दिला: ठिगळ दोन दिवसांनीही नखाने दबत होते. आता दोन्हींच्या सारख्या लांबीच्या वळ्या करून शेजारी शेजारी ठेवतो, मगच मळतो. अशाच नीट मळलेल्या गोळ्याचे तिसरे ठिगळ गेल्या आठवड्यात बादलीत पडले, म्हणून दोन्ही प्रकारांच्या पुट्टीला नापास करणारा परिच्छेद मी इथे लिहिलाही होता.

तो खोडला आहे. चिरेची लांबी नेमकी लिहावी म्हणून विजेरी घेऊन सिंकखाली गेलो, तेव्हा ट्रॅपच्या मागच्या बाजूस, भिंतीकडे तोंड करून, साच्यातच उमटलेली दोन अक्षरे दिसली: पीपी, आणि बाजूला त्रिकोणात 5 हा आकडा. ट्रॅप पीव्हीसीचा नसून पॉलिप्रॉपिलीनचा आहे. या प्लास्टिकच्या पृष्ठभागाला एपॉक्सी धरतच नाही, पॉलिथिलीन आणि टेफ्लॉन यांचीही तीच गत. कितीही घासले तरी ठिगळ केवळ आकाराच्या आधाराने टेकून राहते आणि गरम पाण्याने पाइप किंचित फुगला-आकसला की सुटते. वेष्टनाच्या मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, हे लिहिलेलेही आहे. विक्रेत्याशी घातलेला वाद त्यामुळे माझ्या खाती जमा करावा लागेल. इतकी महत्त्वाची सूचना पुढच्या बाजूस ठळक का छापत नाहीत, हा प्रश्न मात्र उरतोच.

त्याच दिवशी ट्रॅपवर सिलिकॉन टेप गुंडाळली. ही टेप पाइपला चिकटत नाही, स्वतःलाच चिकटते, त्यामुळे खालचे प्लास्टिक कोणते याची तिला पर्वा नसते. ती आवळून धरते. मूळ लांबीच्या किमान दुप्पट ताणून, प्रत्येक फेऱ्यात मागचा निम्मा फेरा झाकत, चिरेच्या अलीकडून पाच सेंटीमीटर ते पलीकडे पाच सेंटीमीटर असे तीन थर दिले. सैल गुंडाळलेली टेप म्हणजे रबराचा मफलर, तिचा उपयोग शून्य. दिवसभरात थर एकमेकांत मिसळून सलग रबर होते आणि मग ती पात्यानेच निघते. थरांमधली पारदर्शक फीत ओल्या बोटांना चिकटून फेऱ्यात शिरते, तेवढा एक वैताग सोडला तर टेप उत्तम आहे. निचऱ्याच्या पाइपला दाब नसतो, म्हणून तीन थर पुरले. दाबाच्या वाहिनीवर मी खाली रबराची पट्टी आणि वरून दोन होज क्लिपा (स्क्रूने आवळायची धातूची कडी) आवळल्याशिवाय निव्वळ टेपवर भरवसा ठेवणार नाही.

फ्लशच्या टाकीकडे जाणाऱ्या प्लास्टिकच्या आटेदार जोडावर पुट्टी आणि टेप दोन्ही वाया गेली, पण दोष त्यांचा नव्हता. गळते म्हणून मी टेफ्लॉन टेपचे फेरे वाढवत गेलो आणि पान्ह्याने आवळत गेलो. जाड झालेले आटे आत पाचरीसारखे शिरले आणि बाहेरचा भाग तोंडापासून उभा चिरला. अशी चीर प्रत्येक आवळणीत उघडते. तो जोड सरळ बदलला. गरम पाण्याच्या वाहिनीवर यांतले काहीही लावलेले नाही.

पाचपैकी टेपला साडेचार, वेगळ्या वेष्टनांतल्या पुट्टीला साडेतीन आणि कांडीला अडीच. कांडीचा एक संपूर्ण गुण त्या चकतीपायी कापला आहे. एल्बो बदलायला दोन्ही बाजूंना कपलिंग (दोन पाइप जोडणारी नळी) बसेल एवढा सरळ पाइप लागतो आणि भिंतीकडच्या बाजूस तो जेमतेम दोन सेंटीमीटर आहे, त्यामुळे फरशीचे काम निघेपर्यंत ते ठिगळ तिथेच राहील. दर रविवारी त्याखाली कोरडा कागद ठेवून पाहतो, आतापर्यंत तो कोरडाच निघाला आहे.